यंत्राला बघायला शिकवताना

दर मार्चमध्ये ‘गेट’ परीक्षेचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : एम.टेक. करायचे तर कशात? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरल्यासारखे असते. २०२४पासून ‘गेट’मध्ये डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा स्वतंत्र पेपर आला आहे. हैदराबादच्या आयआयटीने तर २०१९मध्येच या विषयाची बी.टेक. पदवी सुरू केली. याच विषयाची एक शाखा म्हणजे कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे संगणकाला चित्र बघून त्याचा अर्थ लावायला शिकवणे. घरातली चर्चा साहजिकच फी, प्लेसमेंट आणि पगार यांच्याभोवती फिरते. पण ही मुले आज जे शिकत आहेत, त्यातून उद्या तयार होणारे सॉफ्टवेअर कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे, कुणाच्या तरी डोळ्याचा पडदा बघणार आहे. काही ठिकाणी ते बघतही आहे. त्यामुळे या अभ्यासक्रमात मुले काय शिकतात आणि काय शिकायचे राहून जाते, हा प्रश्न रुग्णांचाही आहे.

बघणे ही गोष्ट आपल्याला इतकी सहज येते, की ती अवघड असेल असे कुणाला वाटतच नाही. तज्ज्ञांनाही वाटले नव्हते. १९६६च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सिमोर पॅपर्ट यांनी एक टिपण लिहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना हाताशी धरून, कामाचे तुकडे पाडून, संगणकाच्या दृष्टीचा बराचसा भाग उभा करावा, अशी ती योजना होती. बुद्धिबळासारखा ‘हुशारी’चा खेळ संगणकाला तुलनेने लवकर जमला. समोरच्या चित्रातली वस्तू ओळखणे भरवशाने जमायला मात्र पुढे जवळपास पन्नास वर्षे गेली.

संगणकापुढे चित्र जाते ते आकड्यांचा तक्ता होऊन. काळ्यापांढऱ्या एक्स-रेचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, हा साधारणपणे ० ते २५५ यांतला एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. या लाखो आकड्यांतून ‘उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग आहे’ हे वाक्य कसे काढायचे? धागा सापडला तो वैद्यकाकडूनच. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे डॉक्टर १९५०च्या दशकाच्या अखेरीस मांजराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात बारीक इलेक्ट्रोड घालून पेशींचे विद्युत संदेश टिपत होते. पडद्यावर ठिपके दाखवले तरी पेशी ढिम्म. एकदा प्रोजेक्टरमध्ये काचेची स्लाइड सरकवताना मात्र ती अचानक तडतडू लागली. तिला ठिपका नको होता, स्लाइडच्या कडेची तिरपी सावली हवी होती. मेंदूतल्या काही पेशी फक्त विशिष्ट दिशेच्या कडांना प्रतिसाद देतात, हे त्यातून उलगडले. या कामाला १९८१मध्ये नोबेल मिळाले. दरम्यान १९८०मध्ये जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी याच कल्पनेवर संगणकातले जाळे रचले. पहिल्या थराने कडा ओळखायच्या, पुढच्याने कडांपासून झालेले आकार, त्यापुढच्याने वस्तू. आज ज्यांना कॉन्व्होल्युशनल नेटवर्क म्हणतात, त्या जाळ्यांची ठेवण हीच आहे.

कडा कुठली महत्त्वाची, आकार कुठला, हे या जाळ्याला कुणी सांगत नाही. ते उदाहरणांतून शिकते. चित्र दाखवायचे, उत्तर विचारायचे, चुकले की आतले आकडे थोडे हलवायचे, पुन्हा दाखवायचे. असे लाखो वेळा. त्यासाठी उत्तरे लिहिलेली चित्रे हवीत. ती मोठ्या संख्येने गोळा करण्याचे काम फेई-फेई ली यांच्या गटाने केले आणि २००९मध्ये ‘इमेजनेट’ हा संग्रह पुढे आला. २०१२मध्ये त्याच्या स्पर्धेत टोरांटो विद्यापीठातला ॲलेक्स क्रिझेव्हस्की हा पदव्युत्तर विद्यार्थी, त्याचा सहकारी इल्या सुट्स्केव्हर आणि त्यांचे मार्गदर्शक जेफ्री हिंटन यांच्या जाळ्याने चुकांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले. व्हिडिओ गेमसाठी विकली जाणारी दोन जीपीयू कार्डे एवढीच त्यांची यंत्रसामग्री होती. एका विद्यार्थ्याच्या कामाने अख्ख्या विषयाची दिशा बदलल्याचे असे उदाहरण विरळाच. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१६मध्ये, हिंटन यांनी जाहीरपणे सांगितले की, आता रेडिओलॉजिस्ट घडवणे थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. हिंटन यांना २०२४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रेडिओलॉजीच्या एम.डी.च्या जागांसाठी मात्र आजही रांग आहे.

हे भाकीत का चुकले, ते समजून घ्यायला मधुमेहाचे उदाहरण चांगले आहे. आयसीएमआरच्या पाहणीनुसार २०२१मध्ये देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह होता. वाढलेली साखर वर्षानुवर्षे डोळ्याच्या पडद्यातल्या केशवाहिन्या पोखरते. आधी त्यांना सूक्ष्म फुगवटे येतात. फोटोत ते लाल टिंबांसारखे दिसतात. मग रक्तस्राव, चरबीचे पिवळे साके, पडद्याच्या मध्यभागी सूज. गंमत अशी, खरे तर गंमत कसली, की या बहुतेक काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. नजर धूसर होऊन तो येतो, तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढला आणि जाणत्याने पाहिला, तर यातली कितीतरी दृष्टी वाचते. पण मधुमेही कोट्यवधी आणि पडद्याचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत. म्हणजे फोटो बघणारे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडावे अशी ही जागा आहे.

२०१६मध्ये गुगलच्या संशोधकांनी असे यंत्र दाखवले. त्याला शिकवायला सुमारे १ लाख २८ हजार फोटो वापरले होते, त्यांत भारतातल्या तीन नेत्र रुग्णालयांतलेही होते. ५४ नेत्रतज्ज्ञांनी त्यांवर उत्तरे लिहिली. प्रत्येक फोटो ३ ते ७ जणांना दाखवला गेला. एवढ्या जणांना का? कारण तज्ज्ञांचे एकमत होत नाही. एकाला जो सौम्य आजार वाटतो तो दुसऱ्याला मध्यम वाटतो. फार काय, तोच तज्ज्ञ काही दिवसांनी तोच फोटो पाहून वेगळे मत देऊ शकतो. यंत्राचे ‘बरोबर उत्तर’ हे अशा मतांच्या गोळाबेरजेतून आलेले असते, हे एम.टेक.च्या विद्यार्थ्याला कुणीतरी लवकर सांगायला हवे. त्याच्या हातात डेटा येतो तो फोल्डरमध्ये नीट रचून, प्रत्येक चित्राला एक आकडा लावून. त्या आकड्यामागचा वाद फोल्डरमध्ये नसतो.

त्या यंत्राचे कागदावरचे निकाल उत्तम होते. पुढे थायलंडमध्ये पाथुम थानी आणि चियांग माई या भागांतल्या ११ दवाखान्यांत ते प्रत्यक्ष वापरून पाहिले गेले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटो यंत्राला दिले. त्यांतले २१ टक्के यंत्राने ‘पुरेसे स्पष्ट नाहीत’ म्हणून नाकारले. फोटो काढणाऱ्या परिचारिका कामचुकार होत्या असे मुळीच नाही. फोटोसाठी अंधारी खोली लागते, ती सगळीकडे नव्हती. इंटरनेट मंद, त्यामुळे एकेक फोटो वर चढायला वेळ आणि बाहेर रांग. शिवाय यंत्राने नाकारले की नियमानुसार रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायचे. अनुभवी परिचारिकेला फोटोत आजार नाही हे दिसत असले तरी. लांबचा प्रवास, बुडालेली मजुरी, हे तिला ठाऊक होते. त्यामुळे काही ठिकाणी परिचारिकाच रुग्णांना या अभ्यासात भाग घेऊ नका असे सुचवू लागल्या. प्रयोगशाळेत यातले काहीच मोजलेले नव्हते.

आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात याहून वेगळे काही घडेल असे मानायला फारसा आधार नाही.

यंत्र आणखी एका प्रकारे फसवते. ते कॉपी करते. २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी जाळी तपासली. ज्या रुग्णालयाच्या चित्रांवर ती शिकली होती तिथे ती हुशार ठरत, दुसऱ्या रुग्णालयाच्या चित्रांवर अनेकदा मागे पडत. खोलात गेल्यावर कळले की एक्स-रे कुठल्या रुग्णालयाचा आहे, हे जाळे जवळजवळ शंभर टक्के अचूक ओळखत होते. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात धातूचे एक अक्षर ठेवतात. प्रत्येक रुग्णालयाची ती खूण आणि ठेवण्याची जागा वेगळी. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण पुष्कळ, दुसऱ्यात अगदी थोडे. मग फुप्फुसाकडे बघण्याचे कष्ट कशाला? कोपरा पाहिला तरी बरेच गुण मिळतात. शेजारच्या बाकावरचे बघून पास होणाऱ्या विद्यार्थ्याला हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही.

कोविडच्या काळात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणाऱ्या प्रणालींचे शोधनिबंध धडाधड येऊ लागले. केंब्रिजच्या एका गटाने २०२०मधले २,२१२ निबंध गोळा केले. चाळणी लावून ६२ उरले. त्या ६२पैकी एकाही निबंधातली प्रणाली प्रत्यक्ष रुग्णांसाठी वापरण्याजोगी नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०२१मध्ये मांडला. कितीतरी निबंधांत कोविडचे एक्स-रे प्रौढांचे आणि ‘कोविड नसलेले’ एक ते पाच वर्षांच्या मुलांचे होते. इंटरनेटवर ते फुकट मिळत होते, म्हणून घेतले. जाळे शिकले ते मूल आणि मोठा माणूस यांतला फरक. एखाद्या वॉर्डबॉयनेही दोन एक्स-रे शेजारी धरून ही चूक दाखवली असती. पण ती चित्रे कुणी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. ती फोल्डरमधून थेट जाळ्यात गेली होती.

यात मुलांची हुशारी कमी पडली असे नाही. अभ्यासक्रम त्यांना रेषीय बीजगणित, संभाव्यता, जाळ्यांची रचना, प्रोग्रामिंग हे सगळे शिकवतो, आणि ते हवेच. चित्रावर बोट ठेवून ‘हे काय आहे आणि हे कुठून आले’ असे विचारायला मात्र फारशा ठिकाणी कुणी शिकवत नाही. वैद्यकीय रेसिडेंट हेच तीन वर्षे करतो. सकाळच्या राउंडला फिल्म समोर धरली, की वरिष्ठ आधी नाव, वय, तारीख आणि बाजू बघायला लावतात. फुप्फुस नंतर.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब बघा. १,००० मधुमेहींची तपासणी केली आणि त्यांतल्या ५० जणांच्या पडद्याला उपचाराची गरज आहे असे समजू. ‘सगळे ठीक आहेत’ असे डोळे मिटून सांगणारे यंत्र ९५ टक्के अचूक ठरते! आता दुसरे यंत्र घ्या. ते आजारी माणसांतले ९० टक्के पकडते आणि निरोगींतल्या ९० टक्के लोकांना बरोबर घरी पाठवते. म्हणजे ५०पैकी ४५ सापडले, ९५० निरोगींपैकी ९५ जणांना उगीच धास्ती. याची एकूण अचूकता ९० टक्के, पहिल्यापेक्षा कमी. पण दृष्टी वाचवणार ते हेच. शिवाय या यंत्राने तज्ज्ञाकडे पाठवलेल्या १४० जणांत खरे रुग्ण ४५, म्हणजे तिघांत एकही नाही. आणि ‘तुम्ही ठीक आहात’ असे सांगून घरी पाठवलेले ते पाच जण वेगळेच. एवढा हिशेब प्रबंधात नसेल, तर मुखपृष्ठावरच्या ‘९८ टक्के अचूकते’ला काही अर्थ नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पेपर फुटणे. यंत्राला शिकवायची चित्रे आणि परीक्षेची चित्रे वेगळी ठेवायची असतात. विद्यार्थी फोटो पत्त्यांसारखे पिसतात आणि दोन गठ्ठे करतात. पण एका रुग्णाला डोळे दोन. उजवा शिकवणीत आणि डावा परीक्षेत गेला, की प्रश्नपत्रिका आधीच हातात आल्यासारखे होते. गठ्ठे रुग्णांचे करायचे, फोटोंचे नाहीत. ही गोष्ट सांगायला एक मिनिट लागते, आणि न सांगितल्याने दोन वर्षांचे काम वाया जाऊ शकते.

हे काम नीट कसे होते, हे बघायला फार दूर जायची गरज नाही. पडद्याच्या फोटोंचा ‘आयडीआरआयडी’ नावाचा एक संग्रह जगभर वापरला जातो. त्याच्या नावातले पहिले अक्षर ‘इंडियन’चे आहे आणि त्यातले फोटो नांदेडच्या एका नेत्र दवाखान्यातले आहेत. २००९ ते २०१७ या काळात तिथे झालेल्या हजारो तपासण्यांतून ५१६ फोटो निवडले गेले. नांदेडच्याच श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तो संग्रह नेत्रतज्ज्ञांना बरोबर घेऊन उभा केला. लाखाच्या हिशेबात ५१६ म्हणजे काहीच नाही. पण यांतल्या ८१ फोटोंवर ‘आजार आहे’ एवढेच लिहून काम थांबवलेले नाही. कुठला पिक्सेल सूक्ष्म फुगवट्याचा, कुठला रक्तस्रावाचा, कुठला पिवळ्या साक्याचा, हे ठिपका न ठिपका आखून दिलेले आहे.

एकेक फोटो ४,२८८ बाय २,८४८ पिक्सेलचा, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके. त्यातला फुगवटा फार तर मोजक्या पिक्सेलचा. आता इथे विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. अनेक प्रसिद्ध जाळी चित्र आत घेताना ते २२४ बाय २२४ एवढे लहान करतात. रुंदी एकोणीसपट आक्रसली, की दहा पिक्सेलचे लाल टिंब अर्ध्या पिक्सेलचे होते. म्हणजे दिसेनासेच होते. मांजर आणि कुत्रा ओळखायला तेवढे चित्र पुरते, सुरुवातीचा मधुमेही पडदा ओळखायला पुरेलच असे नाही. मग चित्राचे तुकडे करून द्यायचे की मोठेच घेऊन जास्त ताकदीचे यंत्र लावायचे? हा प्रश्न सुचतो तो लाल टिंब स्वतः पाहिलेल्याला. २०१८मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या परिषदेत या संग्रहावर जागतिक स्पर्धा झाली आणि निरनिराळ्या देशांतले गट नांदेडच्या रुग्णांच्या पडद्यांवर आपापली जाळी पारखत होते. थोडी पण कसून आखलेली चित्रे किती कामाची असतात, हे त्याआधी २०१५मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या संशोधकांनीही दाखवले होते. त्यांच्या ‘यू-नेट’ या जाळ्याने पेशींच्या कडा आखण्याचे काम शिकायला अवघी ३० चित्रे घेतली, त्यांनाच वाकवून-फिरवून अनेक केले. आज वैद्यकीय चित्रांत ते जाळे सर्रास वापरले जाते.

क्षयरोगाच्या बाबतीत तर यंत्र कामालाही लागले आहे. १५ वर्षे आणि त्यावरील व्यक्तींच्या छातीचे एक्स-रे चाळण्यासाठी अशी सॉफ्टवेअर वापरता येतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितले. त्यासाठी ज्यांच्या निकालांचा अभ्यास झाला, त्यांत मुंबईतल्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीचेही सॉफ्टवेअर होते. मात्र हे सॉफ्टवेअर ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाही, ते एक गुणांक देते. किती गुणांच्या वर संशयित धरायचे, ती रेषा त्या त्या भागात पारखून ठरवावी लागते. जिथे जुना, बरा झालेला क्षय घरोघरी आहे, तिथे फुप्फुसावरचे व्रण यंत्राला गोंधळात टाकतात. रेषा खाली ठेवली तर थुंकीच्या तपासणीचे नमुने साचतात, वर ठेवली तर खोकणारा रुग्ण तसाच गावात परततो. परदेशात ठरलेली रेषा मेळघाटात किंवा गोवंडीत तशीच चालेल असे धरून चालणार नाही. ती ठरवायला संख्याशास्त्र आणि यंत्र दोन्ही कळणारी माणसे जिल्ह्याच्या पातळीवर लागतील. या नोकऱ्यांचे पॅकेज अजून कुणी जाहीर केलेले नाही, हे खरे.

ज्यांना या विषयात वैद्यकीय चित्रांवर काम करायचे आहे, त्यांनी प्रवेश घेताना संस्थेच्या क्रमवारीबरोबर काही साध्या गोष्टी विचाराव्यात. विभागाचा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाशी चालू संबंध आहे का? आधीच्या प्रबंधांतला डेटा कुठून आला होता, आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या चित्रांवर तो तपासला होता का? मार्गदर्शक विद्यार्थ्याला आठवड्यातून एक सकाळ नेत्र विभागात किंवा एक्स-रे विभागात बसू देतील का? तिथे बसले की बऱ्याच गोष्टी न शिकवता कळतात. मोतीबिंदू पिकलेला असेल तर पडद्याचा फोटो धुरकटच येतो. म्हातारी आजी हनुवटी टेकवून स्थिर राहू शकत नाही. एक्स-रेच्या वेळी मंगळसूत्र आणि ताईत काढायचे राहतात, आणि ते फुप्फुसावर उमटतात.

डॉक्टरांनाही यात थोडे बदलावे लागेल. ओपीडीच्या गर्दीत अभियांत्रिकीचा मुलगा म्हणजे अडगळ, अशीच बहुतेकांची भावना असते. चित्रे हवीत ना, मग पेन ड्राइव्हवर घेऊन जा, असे सांगून मोकळे होणे सोपे. पण चित्रावर रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतात, ते आधी पुसावे लागतात. रुग्णाची संमती आणि रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. पेन ड्राइव्हवरून गेलेल्या चित्रांना यांतले काहीच नसते. समितीच्या बैठका ठरावीक काळानेच होतात, शंका निघाल्या तर प्रस्ताव पुन्हा पुढच्या बैठकीत जातो. एम.टेक.ची सत्रे चारच, आणि प्रबंधाला त्यांतली शेवटची दोन मिळतात. म्हणून हा अर्ज पहिल्याच सत्रात गेलेला बरा.